नळात उतरलेली शक्ती

त्या रिकाम्या प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती. घराचा पायासुद्धा अजून खणलेला नव्हता. जमिनीतून वर आलेला एक लोखंडी नळ आणि खांबावरची मीटरची पत्र्याची पेटी, एवढंच काय ते तिथं होतं. पण नळाला हात लावला की अंगातून झिणझिण्या जात, म्हणून सगळी वस्ती लोटली होती.

"जमीन जागी झालीय!" भूमीबाबा गर्जत होते. परवापर्यंत हे गृहस्थ प्लॉटची दलाली करत. "ज्याला जाणवेल त्याचं मन शुद्ध! ज्याला जास्त जाणवेल त्याचं पाप जास्त!" म्हणजे काही झालं तरी बाबांचंच खरं.

प्लॉटच्या मालकाची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. एरवी तिला हसू आवरलं नसतं. पण रांगेत सगळ्यात पुढे तिची सासू बसली होती. अर्धांगवायूनं सासूबाईंचा उजवा हात गेला होता. काल बाबांनी तो लुळा हात नळाला टेकवला आणि बोटं ताडकन उडाली. नवरा तर रडलाच. तिची नजर मात्र नळावरून मीटरच्या पेटीकडे गेली होती.

"अहो, पाण्याचा पाइप आणि विजेची केबल एकाच चरात टाकलीत ना तुम्ही?" तिनं घरी आल्यावर विचारलं होतं.

"मग? दोनदा कशाला खणायचं?"

"आधी वायरमनला बोलवा."

"आईचा हात हलला, ते दिसत नाही का तुला? तुझं विज्ञान शाळेत ठेव."

आज सकाळी नळाखालच्या चिखलात एक कुत्रं मरून पडलेलं सापडलं. "शक्तीनं भोग घेतला," बाबा म्हणाले, आणि कुणीतरी शेपटीला धरून ते कुंपणापलीकडे भिरकावलं. मग फर्मान सुटलं, "आजी, आज पूर्ण उपचार. अंगावर पाणी घ्यायचं, अनवाणी उभं राहायचं आणि चांगल्या हाताच्या मुठीत नळ घट्ट धरायचा!"

"आधी तुम्ही धरून दाखवा," ती पुढे झाली. "चपला काढून."

बाबांच्या पायात जाड रबरी चपला होत्या. "चपला न काढण्याचं व्रत आहे माझं."

"अनवाणी फक्त आजाऱ्यांनीच उभं राहायचं होय?"

"गप गं बाई!" गर्दीतून आवाज आला. नवऱ्यानं तिचा दंड धरला. "चारचौघांत शोभा करू नकोस."

तोवर सासूबाईंवर बादली रिती झाली होती. त्यांचा डावा हात नळाकडे निघाला. तिनं दंड हिसकून घेतला, खांबाकडे धावली आणि पेटीतला मेन स्विच खाली ओढला. त्याच क्षणी म्हाताऱ्या मुठीनं नळ आवळला.

काहीच झालं नाही.

"या बाईच्या संशयानं शक्ती रुसली!" बाबा ओरडले.

"आत्ता समजूत काढते तिची. आई, नळ सोडा. सगळे लांब व्हा."

सासूबाईंना तिनं कोरड्यात बसवलं, स्विच चालू केला आणि पर्समधला टेस्टर नळाला टेकवला. टेस्टरचा दिवा पेटला. स्विच बंद केल्यावर तो विझला, चालू केल्यावर पुन्हा पेटला. "शक्तीला स्विच कुणी बसवला, बाबा?"

मग स्विच बंद करून नवऱ्यानंच चर उकरला. कुदळीच्या घावानं केबलचं आवरण फाटलं होतं आणि उघडी तार लोखंडी पाइपला टेकली होती. घावावर गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवीही फाटली होती. खणणाऱ्यांना चूक कळली होती. बोलणी बसतील म्हणून त्यांनी वर माती लोटली होती.

"कुत्र्याच्या जागी..." नवऱ्यानं कुदळ बाजूला फेकली. बाबा केव्हाच पसार झाले होते, अर्थात चपलांसकट.

"पण बोटं हलली होती ना?" एकानं विचारलं.

"विजेच्या धक्क्यानं स्नायू आखडतात. आज मूठ आवळली गेली असती, ती उघडलीच नसती." तिचा आवाज चढला. "अंगात काही शिरलं तर ते कुठून आलं, एवढं तरी विचारा! हात जोडायच्या आधी विचारा. नंतर विचारायला माणूस उरत नाही."

गर्दी खाली मान घालून पांगली. सासूबाई भिजलेल्या अंगानं कुडकुडत होत्या. सुनेनं त्यांच्याभोवती टॉवेल गुंडाळला.

"माझा हात हलला होता गं. का बंद केलंस?"

सुनेला रडू फुटलं. "आई, तो तुम्ही नव्हता हलवला."

 डाव्या हातानं सासूबाईंनी उजव्या हाताचं एक बोट उचललं आणि सोडून दिलं. ते मांडीवर पडलं. मग त्यांनी दुसरं उचललं.