उन्हाळ्याचा तास

मेष: आज तोंड सांभाळा. वृषभ: उशीर होईल, पण काम होईल. सिंह: केस कापायला हरकत नाही, रंग मात्र उद्या.

पार्लरचं शटर वर गेलं की पोलिक्सेनी सकाळचं भविष्य असं उभ्या उभ्या सांगून टाकायची. व्होलोस शहराच्या बंदरामागच्या गल्लीतल्या बायका डोक्याला रंग थापून बसायच्या आणि तो चढेपर्यंत आपली, नवऱ्याची, होणाऱ्या सुनेची रास तिच्याकडून काढून घ्यायच्या. नुसत्या जन्मतारखेवर ती बोलत नसे. तेवढं टीव्हीवर कुणीही सांगतं, म्हणायची. तिला जन्माची वेळ हवी असायची. त्या वेळी पूर्वेला कुठली रास उगवत होती, त्यावर माणसाचं घर कसं चालणार ते ठरतं. मोबाइलवर तिचा भरवसा नव्हता. जुनी कोष्टकं आणि पेन्सिल, बस. आणि एक गोष्ट ती प्रत्येकीला ऐकवायची. उन्हाळ्यात सरकार घड्याळं तासभर पुढे ढकलतं, सूर्य काही ढकलला जात नाही. म्हणून उन्हाळ्यातला जन्म असेल तर आधी एक तास वजा करायचा. नवशिके इथंच माती खातात.

तिची स्वतःची रास कन्या. घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघणारी.

कन्या: पाहुणे येतील.

आले. एक रविवार, भट्टीत भाजलेलं कोकरू, बटाटे, लिंबू. पोलिक्सेनीचा एकुलता एक मुलगा लाम्ब्रोस बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या तिकीटखिडकीवर मिर्सिनी बसायची. दोघांचं ठरलं होतं, अंगठी झाली होती, सप्टेंबरची तारीख पाद्रीबाबांच्या कानावर घातली होती. मुलीत नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त तिचं नाव निघालं की लाम्ब्रोस तोंडभर हसायचा, आणि हे हसू पोलिक्सेनीनं तो लहान असताना पाहिलेलं, त्यानंतर आत्ताच.

जन्मवेळ तिनं आठवडाभर आधीच मागून घेतली होती. मिर्सिनीनं डोंगरावरच्या गावात आईला फोन केला. आईला सगळं आठवत होतं. दहा जुलै, दुपारचे सव्वादोन, दवाखान्याच्या खिडकीत कुणीतरी ठेवलेला टरबुजाचा तुकडा. आईनं वेळ कळवली आणि वर सफरचंदांच्या मुरंब्याची बरणीही पाठवली. मिर्सिनीनं दोन्ही आणून दिलं, परीक्षेत पहिली आल्यासारखी.

तर जेवणाच्या टेबलावर, ख्रिसूला नावाची नणंद आणि गल्लीतल्या तीन बायका यांच्यासमोर, पोलिक्सेनीनं काटा खाली ठेवला.

"कर्केची मुलगी, आणि वर वृश्चिक उगवलेला. अशी बाई घरात आली की घरातला पुरुष बाहेर जातो. मी नाही म्हणत, आकाश म्हणतं."

मिर्सिनीचे वडील ती लहान असताना जर्मनीला कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. टेबलावरच्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. पोलिक्सेनीलाही.

ख्रिसूला म्हणाली, "अगं, जेवू तरी दे पोरीला."

पोरगी जेवली. ताटं उचलली, धुतली, पुसून फडताळात लावली, आभार मानले आणि गेली. लाम्ब्रोस पायऱ्यांपर्यंत तिच्यामागे धावला. पुढच्या आठवड्यात त्यानं मिर्सिनीनं परत केलेली अंगठी आणून फ्रिजवर ठेवली, कपडे पिशवीत भरले आणि इंजिनांच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायला गेला. मिर्सिनीनं लग्न मोडलं ते वृश्चिकाच्या भीतीनं नव्हे, असं त्यानं जाताना सांगितलं. ज्या घरात पाहुण्यांदेखत तिच्या बापावरून बोललं जातं, त्या घरात तिला यायचं नव्हतं.

वृश्चिक: आज दुसऱ्याच्या उंबऱ्यात पाऊल नको.

हे पार्लरमध्ये सांगितलं तेव्हा बायका हसल्या. पोलिक्सेनीही. सुटलो, म्हणाली. बंदरावर एका बाईनं मिर्सिनीला खिडकीतून विचारलं, विंचवाची ती तूच ना, आणि बाजूच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ही गोष्टही पार्लरमध्ये आली आणि त्यावरही बायका हसल्या.

कर्क:

कर्केचं ती हल्ली सांगतच नव्हती. कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी ख्रिसूला डोक्याला तांबूस रंग लावून बसली होती. तिला नातीची रास हवी होती. ऑगस्टचा जन्म, सकाळी दहा. पोलिक्सेनीनं रंगाच्या रिकाम्या खोक्यावर पेन्सिलीनं नऊ लिहिलं. हात आपोआप तासभर मागे गेला, जसा नेहमी जातो.

आणि तिथंच थांबला.

सव्वादोन. जुलै. तिनं सव्वादोनच धरले होते.

"काय गं, वाईट आहे का काही?" ख्रिसूलानं आरशातून विचारलं.

पोलिक्सेनीनं कोष्टकं उघडली, खोक्याच्या दुसऱ्या बाजूला सव्वा एक लिहिलं, गणित केलं, पुन्हा केलं. दोन्ही वेळा तूळच आली. शुक्राची रास. संसार करायला याहून चांगली रास तिनं स्वतःच आजवर कुणाला सांगितली नव्हती. इकडे ख्रिसूलाच्या डोक्यावरचा रंग केव्हाच चढून गेला होता. धुतला तेव्हा केस गाजराच्या रंगाचे निघाले आणि ख्रिसूलानं आरशात बघून एवढंच म्हटलं की वहिनी, आज तुझं चित्त ठिकाणावर नाही.

चूक झाली, असं म्हणून सुटता आलं असतं. कुणाकडूनही होते. पण पोलिक्सेनीला ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. गणिताच्या शेवटी वृश्चिक आला तेव्हा तिला काय वाटलं होतं? बरं वाटलं होतं. परक्या बाईची कुंडली असती तर ती पुन्हा पहिल्या ओळीपासून गेली असती. त्या दिवशी तिनं पेन्सिल ठेवली, उठली आणि गुणगुणत वाल शिजत टाकले.

आता तिचे कान तापले. आरशात बघवेना, आणि पार्लरमध्ये चहूबाजूंनी आरसेच.

तूळ: तूळ: तूळ:

बंदरावर रांग होती. पाठीला पिशव्या अडकवलेली परदेशी मुलं, कोंबडीची पिल्लं खोक्यात घेतलेला एक म्हातारा. पोलिक्सेनी रांगेत उभी राहिली. पुढे घुसायचं धाडस झालं नाही. रांगेतल्या दोघी ओळखीच्या निघाल्या. त्यांनी आज काय म्हणतात तारे असं विचारलं आणि ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली.

खिडकीशी पोचली तेव्हा मिर्सिनीनं वर न बघता विचारलं, "कुठलं तिकीट?"

"मी आहे."

मिर्सिनीनं वर पाहिलं. चेहरा हलला नाही. "बोला, पोलिक्सेनीबाई. बोट सुटेल."

पोलिक्सेनीनं सांगितलं. उन्हाळ्याचा तास, वजा करायचा राहिलेला. वृश्चिक नव्हता, तूळ होती. फार चांगली. मागचा म्हातारा ऐकत होता, त्या दोघीही, आणि प्रत्येक शब्दाला तिचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणजे आता मी चांगली झाले," मिर्सिनी म्हणाली.

"तू... हो."

"आणि वेळ बरोबर धरली असती, तरीही वृश्चिकच आला असता तर?"

पोलिक्सेनीच्या तोंडून एकदम खरं बाहेर पडलं. "तूळ आली असती तरी मी दुसरं काहीतरी शोधलं असतं."

म्हाताऱ्यानं खोकं या हातातून त्या हातात घेतलं. मिर्सिनीनं काचेच्या आतून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे माझ्या आईला सांगा. वेळ तिनं सांगितली होती ना. त्या दिवसापासून म्हणतेय, माझंच चुकलं, माझ्या आठवणीनं पोरीचं लग्न मोडलं. मी किती सांगितलं, ऐकत नाही." तिनं तिकिटाच्या कोऱ्या कागदावर नंबर लिहून खिडकीखालून सरकवला. "पुढचे या."

पोलिक्सेनी बाजूला झाली. धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला टेकून फोन लावला. नाव सांगितल्याबरोबर पलीकडची बाई घाईघाईनं बोलू लागली. कदाचित सव्वादोन नसतील. दवाखान्याचं घड्याळ पुढे असेल. टरबूजही कदाचित दुसऱ्या बाळंतपणातलं असेल. आपण अडाणी बाई, उगाच एवढ्या खात्रीनं बोललो, माफ करा.

"नाही बाई," पोलिक्सेनी म्हणाली. "तुमची वेळ बरोबर होती. पार मिनिटापर्यंत. मी खोटी पडले. आणि मला ते खोटं आवडलं होतं."

पलीकडची बाई सावकाश म्हणाली, "मग आता येईल ना माझी लेक तुमच्या घरी? तुम्हाला कळतं सगळं. सांगा ना."

पोलिक्सेनीनं खिडकीकडे पाहिलं. मिर्सिनी म्हाताऱ्याला सुटे पैसे परत देत होती, पिल्लं बोटीत चालतात की नाही ते समजावत होती. तिनं एकदाही इकडे बघितलं नाही.

"मला नाही कळत," पोलिक्सेनी म्हणाली. "ते तिलाच विचारायला हवं. आणि तिनं नाही म्हटलं तर नाही."