चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये

"भांडण दोन मोठ्यांचं, आणि गव्हाची बोट अडकून पडली तिसऱ्याच गरिबाची," मिस्त्री म्हणाले आणि पालथ्या बादलीवर नीट सावरून बसले. "आता ह्याला युद्ध म्हणायचं का दादागिरी, तूच सांग."

"हं," वायरमन म्हणाला.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यामध्ये उभी होती. ती बिघडली नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या चौदा मजली इमारतीतल्या तिन्ही लिफ्टची तपासणी असे. तिसरीचं काम उरकलं की मिस्त्री आतला लाल खटका खाली ओढत, आणि वायरमन स्टुलावर चढून कॅमेऱ्याची वायर काढी, काच पुसायला म्हणून. काच पुसायला एक मिनिट पुरतं. हे दोघं वीस मिनिटं घेत. वहीत 'कॅमेरा सफाई' एवढंच लिहीत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काच खरोखरच लख्ख असे.

मिस्त्रींना ह्या परक्या देशात सव्वीस वर्षं झाली होती. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जुन्या माणसांनी त्यांना समज दिली होती. कामाचं विचारलं तर बोल, हवेचं विचारलं तर बरी आहे म्हण, बाकी तोंडाला कुलूप. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कोण बसलंय, खोलीतल्या चौथ्या पलंगावर आलेला नवा माणूस कोणाच्या मर्जीतला, काही सांगता येत नाही. एक प्लंबर असाच एका सकाळी दिसेनासा झाला. त्याचा टॉवेल दोन दिवस दोरीवर तसाच होता. मग कोणीतरी तो काढला, आणि त्याच्याबद्दल कोणी विचारलं नाही.

आणि मिस्त्री तर बातम्यांवर वाढलेले. त्यांच्या लहानपणी वडील संध्याकाळी दारात खुर्ची टाकून अख्ख्या गल्लीला वर्तमानपत्र वाचून दाखवत. शिंपी हातातली कात्री घेऊनच यायचा. कुठल्याशा दूरच्या देशातल्या निवडणुकीवरून एकदा शिंपी आणि पोस्टमन इतके हमरीतुमरीवर आले, की आईने बाहेर येऊन आधी कात्री काढून घेतली आणि मग दोघांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी दोघांनीही मतं बदलली होती आणि पुन्हा तेवढ्याच जोरात भांडत होते. कोण काय बोललं ते कोणी लिहून ठेवत नसे. त्या दारातले ते आवाज मिस्त्रींच्या कानात अजून होते.

घरी फोन लावावा, तर मुलगा म्हणे, "बाबा, तुम्ही सव्वीस वर्षं बाहेर. इथलं काय कळतंय तुम्हाला? गोळ्या वेळेवर घेता ना?" म्हणजे इथे पाहुणे म्हणून बोलायचं नाही आणि तिथे निघून गेले म्हणून बोलायचं नाही. राहता राहिली ही तिसरी लिफ्ट.

"मी सांगतो ना," मिस्त्री आता रंगात आले होते, "लोक म्हणतात, स्वातंत्र्य म्हणजे मत मांडता येणं. मी म्हणतो, मत बदलता येणं. आज म्हणालो हा पुढारी चांगला, उद्या म्हणालो गाढव आहे. कोणी म्हणायला नको, की काल काय म्हणाला होतास."

"भाऊ, तुम्हाला कोणी पंतप्रधान कसं केलं नाही?"

"माझं वजन बघ. ही लिफ्ट आठ माणसांचीच आहे."

वायरमन हसला. तो चाळिशीचा, अबोल माणूस. त्याची बायको आणि दोन मुली त्याच्याच कागदांवर इथे राहत होत्या. थोरली दहावीला होती. अकरा वर्षं तो मिस्त्रींचं ऐकत आला होता, आणि अकरा वर्षांत 'हं' च्या पलीकडे गेला नव्हता.

"नुसतं हं हं काय करतोस?" मिस्त्रींनी त्याला डिवचलं. "बिनमताचा माणूस म्हणजे बिनकरंटाची वायर. आज तू बोलल्याशिवाय मी खटका वर करणार नाही. घाबरतोस कोणाला? इथे तू, मी आणि ग्रीसचा डबा."

वायरमनने फडक्याची घडी घातली. ती उलगडली, पुन्हा घातली. मग खाली बघत म्हणाला, "काय बोलणार, भाऊ. इथे गादीवरचा म्हातारा गेला की त्याचा पोरगा बसणार, पोरगा गेला की नातू. माझी पोर इथेच जन्मली. मोठी होऊन ती विचारेल, की ह्यांना बसवलं कोणी, तर तिला काय सांगू? गप्प बस म्हणून सांगू?"

मिस्त्री बादलीवरून उठलेच. "शाब्बास! अकरा वर्षांनी एक मत! पण काय मत आहे!" त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खटका वर केला. लिफ्ट खाली येईपर्यंत दोघं परीक्षा संपलेल्या पोरांसारखे हसत होते.

चूक झाली होती ती त्याआधी. तपासणीत लिफ्टमधला संकटकाळचा फोन वाजवून बघावा लागे. बटण दाबायचं, तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याने 'हो' म्हटलं की सोडायचं. जुन्या फोनला बटण सोडलं की लाइन तुटे. दोन आठवड्यांपूर्वी नवा फोन आला. त्याची लाइन खालून बंद करेपर्यंत चालूच राही, आणि बोललेलं सगळं साठवून ठेवलं जाई. तो फोन मिस्त्रींनी स्वतःच्या हातांनी बसवला होता. त्याचं माहितीपत्रक त्यांनीच वायरमनला वाचून दाखवलं होतं. पण सव्वीस वर्षांची बोटांची सवय. बोटाने बटण दाबलं, सोडलं, आणि डोक्याला काही विचारलंच नाही.

बुधवारी साहेबांनी बोलावलं.

साहेब मिस्त्रींच्याच मुलखातले आणि त्यांच्याच भाषेतले. एरवी लिफ्टमध्ये भेटले, की 'काय मिस्त्री, हवा काय म्हणते?' एवढं आवर्जून विचारणारे. आज त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग टेबलावरच्या यंत्राचं बटण दाबलं. गव्हाच्या बोटीपासून सगळं ऐकू आलं. आपला आवाज इतका म्हातारा झालाय, हे मिस्त्रींना तेव्हा कळलं.

"पहारेकऱ्याला भाषा कळत नाही, म्हणून त्याने वर पाठवलं," साहेब म्हणाले. "वरच्यांनी मला विचारलं, काय बोलतायत. मी काय सांगणार होतो?"

"ग्रीसच्या डब्याबद्दल बोलतायत म्हणायचं होतं."

"आणि त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ऐकून घेतलं असतं तर? मला संसार नाही का, मिस्त्री?"

मिस्त्रींना काळजी स्वतःची नव्हती. आपल्याला फार तर घरी पाठवतील. पण वायरमनच्या घरातल्या चार जणांना? दहावीचं वर्ष.

"ते म्हाताऱ्याबद्दलचं वाक्य," साहेबांनी आवाज खाली आणला. "ते कोणाचं?"

"माझंच."

"तो आवाज वेगळा आहे."

"बंद लिफ्टमध्ये आवाज बदलतो. तुम्ही कधी अडकला नाहीत म्हणून तुम्हाला माहीत नाही. मी एकटाच होतो. मला एकट्याने बोलायची सवय आहे, आमच्या खोलीत कोणालाही विचारा."

"आणि मुलगी इथे जन्मली, असं म्हणालात, ती कोणाची? तुमची मुलं तर तिकडे."

"बोलताना माणूस कोणाचंही सांगतो, साहेब. साऱ्या जगाचं सांगत असतो मी."

साहेबांनी मान खाली घातली. मग त्यांनी फायलीतून एक कागद काढला आणि मिस्त्रींच्या पुढ्यात फिरवून ठेवला.

अक्षर मिस्त्रींनी लगेच ओळखलं. फ्यूजच्या प्रत्येक पेटीवर त्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, सुबक आणि सरळ. 'मी तेथे हजर होतो. मिस्त्री वयाने व हुद्द्याने मोठे असल्याने मला ऐकावे लागे. दर महिन्याला ते अशीच मते बोलून दाखवतात. मी कधीही सहमती दर्शवली नाही. शेवटचे वाक्यही त्यांचेच आहे. माझा आवाज काढून ते चेष्टा करत होते.' खाली सही. तारीख कालची.

मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. जो दोष ते आपणहून अंगावर घेत होते, तो कालच त्यांच्यावर टाकला गेला होता.

"असंच आहे," ते म्हणाले. "फक्त मी एकटा होतो म्हणालो ते खोडा. वय झालं, आठवत नाही."

"मला माहीत आहे ते कोण बोललं ते," साहेब पुटपुटले.

"तुम्हाला काहीच माहीत नाही, साहेब. तीच तर तुमची नोकरी आहे."

शनिवारचं विमान ठरलं. त्याआधी शुक्रवारी कामाचा ताबा द्यायचा होता, आणि तो घ्यायला साहेबांनी वायरमनलाच धाडलं. दुसरा जाणकार होता कोण?

चौदाव्या मजल्याच्या वर यंत्रांची खोली. मिस्त्रींनी एकेक मोटर उघडून दाखवली. "ही पहिली जरा रडकी आहे, थंडीत कुरकुर करते, लक्ष देऊ नकोस. दुसरीचे दोर पुढल्या वर्षी बदलावे लागतील, आत्तापासून मागणी लाव, म्हणजे तेव्हा येतील. आणि हे ब्रेक बघ. ह्या फटीतून पोस्टकार्ड जायला हवं, पण दोन जाता कामा नयेत."

"हं," वायरमन म्हणाला. त्याच्या हातातल्या विजेरीचा उजेड भलतीकडेच पडत होता.

"उजेड नीट धर."

"भाऊ, थोरलीची परीक्षा…"

"हे चार बोल्ट. दर महिन्याला हाताने बघायचे, नुसते डोळ्याने नाही."

"त्यांनी कागद आणूनच ठेवला होता, भाऊ. मला फक्त…"

"अक्षर तुझं आहे," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आणि चांगलं आहे. वहीसुद्धा अशीच लिहीत जा. मला कधी जमलं नाही."

वायरमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मिस्त्रींनी त्याला तसं राहू दिलं. तेवढ्या वेळात त्यांनी नट आवळायचे पाने पुसले आणि लहानमोठे लावून पेटीत ठेवले. त्यांना सांगायचं होतं, की तुझं मत माझ्या सगळ्या मतांपेक्षा चांगलं होतं. मी नुसत्या जगाच्या गप्पा मारल्या, तू तुझ्या पोरीची गोष्ट बोललास. आणि ते मीच तुझ्याकडून वदवून घेतलं. पण हे ऐकून त्याच्या डोक्यावरचं ओझं वाढलंच असतं. शिवाय ह्या खोलीत कोणती वायर कुठे जाते, हे आता त्यांनाही खात्रीने सांगता आलं नसतं.

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्याच्या हातात दिला. वायरमनने वहीत सही केली.

दोघं शिडीने खाली चौदाव्यावर उतरले. लिफ्ट उभीच होती. वायरमनने पाय आडवा घालून दार धरलं आणि वाट बघत राहिला. आत दिवा जळत होता, आरशात दोघं दिसत होते, आणि बटणांच्या वर तो नवा फोन होता.

"तू जा," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, कोपऱ्यातलं जड दार खांद्याने ढकललं आणि ते जिन्याने उतरू लागले. सव्वीस वर्षांत ह्या इमारतीचा जिना ते पहिल्यांदाच उतरत होते. प्रत्येक मजल्यावर थोडं थांबत होते, कठड्याला धरून. दहाव्यावर कोणीतरी भेटलं आणि म्हणालं, "काय मिस्त्री, लिफ्ट बंद?"

"नाही," ते म्हणाले. "चालू आहे. तिन्ही."