बर्फवाल्या दादाचा शेवट

रखमाजी शिंपी गेले त्याला दुसरं वर्ष लागलं, तेव्हा सोमेश्वरनं आईसाठी भिंतीवर मोठा टीव्ही बसवून दिला. तीर्थपुरीच्या घरात साळूबाई आता एकटीच होती. लेकानं पुण्याला चल म्हणून पुष्कळ विनवलं होतं. ती जाऊन राहूनही आली, पण चौथ्या मजल्यावर दार लोटून बसायचं तिला जमलं नाही. गावाकडं कसं, दार उघडं असतं, असं तिनं लेकाला सांगितलं. उघड्या दारातनं येणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं, हे सांगितलं नाही.

टीव्हीवर पाहिजे तो पिक्चर लागतो, नुसतं नाव सांगायचं, असं नात पायल सांगून गेली होती. साळूबाईला नाव कुठलं ठाऊक असायला? तिनं आयुष्यात थेटरात पाऊल टाकलं नव्हतं. पण पिक्चर तिला पुष्कळ माहीत होते, आणि तेही सगळे मारामारीचे, दादा लोकांचे. त्याचं कारण रखमाजी.

रखमाजीचं शिलाईचं दुकान होतं. अस्तर, दोरा, गुंड्या आणायला तो जालन्याला जायचा. तिथल्या मस्तगड भागात त्याचा दोस्त कमरोद्दीन, त्याचं दुकान होतं, तिथं माल बांधून ठेवायचा आणि दोघं दुपारच्या खेळाला बसायचे. देवादिकांचा, रडारडीचा पिक्चर रखमाजीला चालत नसे. त्याला दादा लागायचा. अंधार पडल्यावर तो एसटीतनं उतरून घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि चुलीपाशी बसून साळूबाईला सगळा पिक्चर सांगायचा.

सांगणं म्हणजे तरी कसं? दादा कसा चालतो ते उठून चालून दाखवायचा. दादाचा कोट सांगताना शिंप्याचा जीव त्यात अडकायचा. खांद्यावर कसा बसलाय, मापात एक सूत इकडंतिकडं नाही. "दादा बोलत न्हाई गं," तो म्हणायचा, "निस्ता बघतो. बाकीचे वरडून राह्यले, अन् ह्यो गप. म्हणून तर त्याचं भ्या वाटतं." साळूबाई भाकरी थापता थापता ऐकायची. हूं म्हणायची. कधी एखादा प्रश्न विचारायची, तो बहुतेक वेळा एकच असायचा, की मंग त्याच्या घरचे कुठं होते त्यावेळी?

त्या सगळ्यांत एक पिक्चर तिला फार लागला होता. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढणारा एक पोरगा पुढं शहराचा दादा होतो. मोठमोठी माणसं त्याच्यापुढं झुकतात. शेवटी त्याची माणसं फुटतात, पोलीस मागावर लागतात. मग तो पळता पळता थांबतो आणि सरळ घरी येतो. बायको दार उघडते. काही विचारत नाही. तो हात धुतो, ती ताट वाढते. बाहेर पोलिसांनी घराला वेढा दिलेला असतो. शिपाई दारावर लाथ घालायला निघतो, तर साहेब त्याला हातानं अडवतो आणि म्हणतो, जेवू द्या त्याला. पिक्चर तिथंच संपतो.

हा शेवट तिनं रखमाजीकडून कितीदा तरी सांगून घेतला होता. तो आजारी पडला तेव्हाही एकदा त्यानं सांगितला होता, आडवा पडल्या पडल्या, हळू आवाजात.

पायल सुट्टीत दोन दिवस आली, तेव्हा साळूबाईनं तिला बर्फाचा कारखाना सांगितला. पायलनं मोबाइलवर इकडंतिकडं शोधलं आणि आजी, हाच का, म्हणून टीव्हीवर चित्र लावलं. चित्रात बर्फाच्या लाद्या दिसल्या. तोच. पण पायलच्या गाडीची वेळ झाली होती. पिक्चर कसा सुरू करायचा, कसा थांबवायचा ते दाखवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भांडी आवरून साळूबाई टीव्हीसमोर बसली. थेटरात जाताना नेसावं तसं तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

पिक्चर तोच होता. लाद्या ओढणारा पोरगा होता, पांढरा कोट होता, न बोलणारा दादा होता. रखमाजी चालायचा तसाच तो चालत होता. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मधल्या सुट्टीची पाटी आली, गेली. आणि मग दादाची बायको बाजारात गोळी लागून मेली.

साळूबाईला वाटलं, मेली नसेल. पिक्चरमध्ये माणसं परत येतात. ती वाट बघत राहिली. पण बाई काही परत आली नाही. शेवटी दादाच्याच माणसानं त्याला बर्फाच्या कारखान्यात मारला, लाद्यांवर रक्त वाहिलं आणि नावं वर सरकायला लागली. घर नाही, ताट नाही, साहेबाचा हात नाही.

तिनं कळ दाबली. घर एकदम गप झालं. रखमाजी खोटं बोलला होता, असं पहिल्यांदा तिच्या मनात आलं, आणि त्याचा तिला रागही आला. मग वाटलं, दुसराच पिक्चर असेल. पोरीनं चुकून भलताच लावला असेल. पण तो कोट? ती चाल?

ह्याची खात्री करून देईल असं एकच माणूस होतं. चार दिवस तिनं जाऊ का नको केलं आणि मग जालन्याची गाडी धरली.

कमरोद्दीन मस्तगडात दुकानाच्या मागच्याच घरात होता. दुकान आता मुलगा अतिक बघत होता. बायको, सरदारबी, गेल्यापासून कमरोद्दीन बाजेवर बसून असायचा, डोळ्यांना कमी दिसत होतं. आवाजावरून त्यानं साळूबाईला ओळखलं. या भाभी, म्हणाला, आणि सुनेला, फरहानाला, चहा ठेवायला सांगितलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग साळूबाईनं विचारलं, बर्फवाल्या दादाचा पिक्चर आठवतो का?

कमरोद्दीनचा चेहराच बदलला. आठवतो म्हणजे? तोंडानं चार डायलॉग म्हणून दाखवले त्यानं. दादा लोकांचा पिक्चर डायलॉगवर चालतो, असं त्याचं म्हणणं, आणि ह्यावरून रखमाजीशी त्याचं जन्मभर भांडण. रखमाजी म्हणायचा, बोलला की दादा संपला. साळूबाईनं त्याला बोलू दिलं. नंतर विचारलं, शेवट कसा होता?

"कारखान्यात मारत्यात त्याला. बर्फावर."

"अन् त्याची बायको?"

"ती तर आधीच मरती."

साळूबाईनं मान खाली घातली. मग रखमाजीनं सांगितलेला शेवट तिनं त्याला सांगितला. दार, ताट, वेढा, साहेबाचा हात. कमरोद्दीन ऐकत राहिला. चहा आला तो तसाच राहिला.

"भाभी," तो सावकाश म्हणाला, "शेवट त्यानं पाह्यलाच कुठं? एकाबी पिक्चरचा न्हाई पाह्यला. खेळ सुटायच्या आत तीर्थपुरीची शेवटची गाडी निघायची. मधली सुट्टी झाली की बाहेर जायचा, तो परत आत येतच नव्हता. पिशवी उचलली की चालला स्टँडवर."

"तुमच्याकडं मुक्काम करायचा की मंग."

"मी काय कमी बोललो? म्हणलं, अरे, घर हाय इथं, सकाळी जा. तर म्हणायचा, ती जेवायची थांबली असंल." कमरोद्दीननं बाजेच्या कडेवरून हात फिरवला. "पुढच्या खेपेला मी शेवट सांगाया गेलो तर ऐकून घेत न्हवता. म्हणायचा, भाई, माझा पिक्चर घरी जाऊन संपला."

साळूबाई खरंच जेवायची थांबायची. पण थांबते असं ती कधी म्हणाली नव्हती, आणि थांबू नको असं तोही कधी म्हणाला नव्हता. एकदा त्यानं चल की बरोबर म्हणून विचारलं होतं. बायामाणसांनी काय बघायचं त्यात, असं म्हणून तिनं विषय संपवला होता. त्यानं परत विचारलं नाही.

निघताना कमरोद्दीन म्हणाला, बाकीच्या पिक्चरचे शेवटही सांगा कधी, मी तर खरे शेवटच पाहिले, ते सगळे सारखेच. साळूबाई हो म्हणाली.

एसटीत खिडकीशी बसून तिनं आठवायला सुरुवात केली. दोन भावांचा एक होता. एक आंधळ्या दादाचा. एकात दादाचा ड्रायव्हरच पोलिसांचा माणूस होता. सुरुवाती आठवत होत्या, आणि सुरुवाती तर कुणालाही बघायला मिळतील. शेवट काही केल्या येईनात.

पुढच्या आठवड्यात पायलचा फोन आला. साळूबाईनं आंधळ्या दादाचं सांगितलं, पायलनं तिकडून नाव शोधून दिलं, आणि फोन कानाला धरूनच आजीकडून टीव्हीवर लावून घेतलं. मग क्लास आहे म्हणाली आणि फोन ठेवला. साळूबाई बघत बसली. मधल्या सुट्टीची पाटी आली तेव्हा तिनं पिक्चर थांबवला. रखमाजी उठला असेल तो इथंच. इथून पुढचं त्याचं होतं.

ती आठवत राहिली. त्या दिवशी त्यानं काठी म्हणून फुंकणी घेतली होती आणि डोळे मिटून स्वयंपाकघरभर चाचपडत फिरला होता. पीठ सांडलं होतं. सोमेश्वर लहान होता, तो हसून हसून लोळला होता आणि ती रखमाजीवर चिडली होती, पुरे झालं, पाट घ्या म्हणाली होती. त्यानं पुढं काय सांगितलं होतं? सांगितलं तर होतंच. ती भाकरी उलटत होती, हूं म्हणत होती. तव्यावरची भाकरी तिला आठवली, तिचा फुगा आठवला. दादाचं काय झालं ते आठवलं नाही.

टीव्हीवर मधल्या सुट्टीची पाटी तशीच होती. थोड्या वेळानं ती आपोआप विझली. साळूबाई उठली नाही. रस्त्यावरून कुणीतरी फटफटी घेऊन गेलं, आणि परत सगळं गप झालं.