वाटाण्याची करवत

आमच्या शाळेत सुतारकामाच्या वर्गाची एक पद्धत आहे. दहावीतल्या प्रत्येकाच्या गळ्यात पाचवीतला एक पोरगा बांधायचा. सर म्हणतात, मोठ्यांकडे बघून लहान शिकतात. मी म्हणतो, सरांची डोकेदुखी वाचते. माझ्या वाट्याला आला वाटाणा. गोल डोकं, गोल डोळे आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही.

"दादा, प्रत्येक लाकडाच्या भुशाला वेगळा वास का येतो?"

"लाकडालाच विचार."

तर हा पठ्ठ्या खरंच फळीला नाक लावून बसला. माझं डोकं लवकर तापतं हे अख्ख्या शाळेला माहीत आहे, पण या पोरावर धड रागावताही येईना. लाकूड म्हणजे त्याचा जीव की प्राण.

गाडं अडलं करवतीपाशी. फळीवर रेघ आखायची आणि रेघेवरून करवत चालवायची, बस्स. वाटाण्याची करवत निम्म्यापर्यंत शहाण्यासारखी यायची आणि मग उजवीकडे सटकायची. दर वेळी उजवीकडेच. शेवटी सर म्हणाले, "शनिवारी एक फळी सरळ कापून दाखव. नाहीतर सोमवारपासून पुस्तकबांधणीच्या वर्गात जा." वाटाणा एरवी पन्नास प्रश्न विचारतो, पण आता गप्प झाला. नुसता फळीवरून हात फिरवत राहिला. मला कसंतरीच झालं.

मग मीही इरेला पेटलो. करवत बदलली, टेबल बदललं. एक डोळा मिटायला लावला, मग दुसरा. फळी उलटीसुद्धा धरून पाहिली. करवत आपली उजवीकडे. असं होतं तरी कसं? दोन दिवस मला जेवताना, झोपताना तेवढंच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सर आमच्या टेबलाजवळून जाता जाता वाटाण्याला म्हणाले, "काय रे, मघापासून करंगळी दाखवतोयस. बाहेर जायचंय का?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी मात्र नीट बघितलं. वाटाण्याच्या उजव्या हाताची करंगळी मुठीतून सुटून ताठ उभी होती. मूठ सैल, त्यामुळे मनगट कलतं, आणि मनगट कललं की करवत सटकणारच. मी त्याचा हात ओढून घेतला. करंगळीभोवती लाल वळ उठले होते.

"हे काय?"

"घरी सराव करतो ना. ती ताठ राहतच नाही, म्हणून काडी लावून दोऱ्याने बांधतो."

"पण ताठ ठेवायचीच कशाला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. "तू ठेवतोस म्हणून."

लहानपणी मी भिंतीवरून पडलो तेव्हापासून माझी करंगळी वळत नाही. तीन बोटांवर करवत पेलायला मी कसाबसा शिकलो. एरवी तो हात खिशात. सरांनाही पत्ता नव्हता. आणि या येड्याला वाटलं, हीच उस्तादी. मला हसावं की रडावं कळेना.

"अरे गाढवा, माझी मोडलीये. तुझी धडधाकट आहे ना? मग मूठ आवळ की."

झालं, प्रश्न पुन्हा सुरू. माझी करंगळी चिमटीत धरून तो चाचपायला लागला. इथून वळते? इथून? दुखते का? दुसऱ्या कुणी हात लावला असता तर मी फटकाच दिला असता.

"थंडीत दुखते," मी म्हणालो. हे मी आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्याने मूठ आवळली आणि करवत सरळ चालली. पण जरा लक्ष हटलं की करंगळी पुन्हा वर. लागलेली सवय अशी लगेच थोडीच जाते?

शनिवारी सगळे त्याच्या टेबलाभोवती जमले. मी समोरच उभा होतो. त्याने सुरुवात छान केली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, करंगळी उठली आणि करवत गेली उजवीकडे.

सरांनी फळी उचलली. "राहू दे, बाळा. पुस्तकबांधणी पण चांगलं काम आहे."

"सर, चूक त्याची नाही." मी खिशातून हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. "तो माझं बघून शिकलाय. ही वळत नाही."

माझे कान तापले होते. मागे कुणीतरी खुदकन हसलं, त्याला मी बघून घेणार आहे. सरांनी माझं बोट हलकेच वळवून पाहिलं. मग नवी फळी टेबलावर ठेवली.

वाटाणा घुटमळला. "दादा, रागावू नकोस. पण तू माझ्या मागे उभा राहतोस का? समोर दिसलास की ती आपोआप उठते."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गेलो मागे. तिथून त्याचं गोल डोकं आणि हलणारं कोपर एवढंच दिसत होतं. रेघ दिसत नव्हती, करंगळी दिसत नव्हती. मी नुसता करवतीचा आवाज ऐकत राहिलो. निम्मी फळी झाली असेल, इथेच ती सटकायची. आवाज तसाच चालू राहिला आणि तुकडा खाली पडला.

सरांनी कापलेल्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावला, खिडकीच्या उजेडात धरला. कुठे फट दिसेना.

"राहील हा इथेच," सर म्हणाले.

वाटाणा गर्रकन मागे वळला. मला डोळे पुसायलाही सवड मिळाली नाही.