जोडेवाल्याच्या दारातली चप्पल

“भावोजी, ही बाई ठसक्यात चालते. बघा, टाच कशी झिजलीय!” जोडेवाल्याच्या बायकोने ती चप्पल माझ्या नाकाखाली धरली. “दुरुस्तीची असती तर दुकानात लटकली असती. ही मागच्या खोलीच्या दारात सापडली. आतून कडी!”

चप्पल वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्याकडूनच शिकलेली. तो माझा मित्र जन्मभर जोडे शिवून असा वाकला होता, की माणसं पायांवरून ओळखायचा. न्हावी नवे बूट घालून आला, तर त्यालाच “पाहुणे कुठले?” म्हणून विचारलं. खोटं वाटत असेल तर न्हाव्याला विचारा; तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

“रोज दुपारी कण्हणं ऐकू येतं. विचारलं तर म्हणतात, पडलो होतो. कुठंतरी पाणी मुरतंय. बोचकं बांधून ठेवलंय मी. खरं निघालं तर बहिणीकडे जाते, परत येत नाही.”

तिने जाड टाचेचा एक बूट उचलला. आम्ही दाराला कान लावले.

“घाई नको,” आत बाईचा आवाज. “हात कमरेवर घ्या.”

मी तोंड उघडायच्या आत वहिनीने दाराला खांदा दिला. कडी नावालाच होती.

आत जोडेवाला चादरीच्या घडीवर गुडघे टेकून, छाती वर काढत मागे झुकत होता. शेजारी दवाखान्यातली जुनी नर्स. “मान मागे टाकू नका. कमरेत कळ आली की थांबायचं.”

“काय चाललंय हे?”

तो दचकून वळू लागला. “झटका नको!” नर्स ओरडली. “आधी टाचांवर बसा.”

तो बसला. वहिनीच्या हातातला बूट उगारलेलाच.

“मला सांगायला काय झालं होतं?”

“तू म्हणाली असतीस, या वयात पाठ मोडून घ्याल.”

“आणि मोडली असती तर?”

“म्हणून तर बाई ठेवलीय.”

“शब्द जपून,” नर्स म्हणाली.

भिंत धरून तो उठला. सरळ झाला असं मीसुद्धा म्हणणार नाही. पण नजर तिच्या पावलांपासून चढत चढत चेहऱ्यापर्यंत पोचली.

“अगं, तुझे केस कधी पिकले?”

तिने बूट खाली ठेवला, केस सावरले आणि खिडकीच्या उजेडाकडे तोंड केलं. पाठ दमून त्याची नजर पुन्हा तिच्या पावलांवर उतरेपर्यंत ती तशीच उभी राहिली.