दाजी, माझ्याखालून बाहेर या

मी गाडी बोलतेय. माझे मालक, ज्यांना सगळे दाजी म्हणतात, ते या घडीला माझ्याखाली उताणे पडलेत आणि माझा आवाज त्यांना ऐकू जात नाही. म्हणून तुमच्याशी बोलतेय. जरा भराभर ऐका.

इतर गाड्या स्प्रिंगांवर उभ्या राहतात, मी तेलाच्या दाबावर. एक बटण दाबलं की वीतभर वर, दुसरं दाबलं की वीतभर खाली. माझा पहिला मालक मोठा हौशी. मित्र आले की मला उठाबशा काढायला लावायचा. हौस फिटली आणि मग तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते, कुत्रं विचारत नव्हतं.

दाजींनी मला घेतलं ते त्यांच्या आईसाठी. माईंचे पाय गेलेत. मी खाली बसते, मागचं दार उघडतं आणि त्यांची चाकांची खुर्ची अलगद आत येते. माई म्हणायच्या, "या घरात माझ्यापुढे वाकते ती एवढीच." हे ऐकून त्यांची सून, म्हणजे दाजींची बायको, सगळ्यांत जास्त हसायची.

दर तिसऱ्या दिवशी माईंचं रक्त मशीनवर शुद्ध करून घ्यावं लागतं. एक खेप चुकली तर त्यांना धाप लागते, अंग सुजतं. नऊ वर्षांत मी एकही खेप चुकवलेली नाही. हे सांगताना मला अभिमान वाटतो, का वाटू नये?

गेल्या आठवड्यात दाजींनी माझं तेल बदललं. त्यांचा मेहुणा मेकॅनिक आहे, तो परगावी होता. दोन दिवस थांबा म्हणाला होता. पण दाजींना दम कुठला! काळंकुट्ट तेल काढलं, नवं ओतलं, खुणेपर्यंत भरलं आणि हात झटकले. मागच्या उजव्या नळीत हवा राहिली ती राहिलीच. तेल भार पेलतं, हवा दबते. दुसऱ्या दिवसापासून मी त्या कोपऱ्यात खचायला लागले.

दाजींनी फिल्टर तपासला, सगळे जोड पुसून गळती शोधली, पंपाला शिव्या घातल्या. शेवटी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "हवाच आहे. गाडी पूर्ण खाली बसवा, मगच नळीवरचा हवा काढायचा स्क्रू सोडा. वर असताना हात लावायचा नाही, दाजी."

दाजी हो हो म्हणाले. माणूस दोनदा हो म्हणाला की त्याने ऐकलेलं नसतं, हे मला एव्हाना कळतं.

आज दुपारी त्यांनी मला बसवून पाहिलं, तर स्क्रूपर्यंत हात पोचेना. उद्या सकाळी माईंना न्यायचंय. मग त्यांनी मला पार वर उचललं आणि सरपटत आत शिरले. बायको दारातून म्हणाली, काहीतरी टेकू तरी लावा.

"दोन मिनिटांचं काम आहे गं. नऊ वर्षं उभी आहे ती, आजच बसणार आहे का?"

या विश्वासाची मला भीती वाटते. त्यांना वाटतं मी मायेने उभी आहे. माया आहे हो, पण वजन तेलच पेलतं.

स्क्रू घट्ट होता. दोनदा पाना निसटला, तिसऱ्यांदा फिरला. फुसफुस करत हवा बाहेर आली आणि दाजी लहान मुलासारखे खूश झाले. "निघाली बघ!" म्हणून हाक मारली. बायको आत माईंचे कपडे बदलतेय, तिला ऐकू गेलं नाही.

हवेमागून आता तेल येतंय. त्यांना वाटतं, अजून थोडी हवा असेल, येऊ दे. मी मागून चार बोटं खाली आलेय. पाचवं बोट आत्ता गेलं. त्यांच्या सदऱ्याचं बटण माझ्या पत्र्याला लागलं, तरी त्यांचं लक्ष नाही, स्क्रूकडेच बघताहेत.

मला थांबता येत नाही. तुम्ही जे कोणी ऐकताय, इकडे या. त्यांचे दोन्ही पाय अजून बाहेर आहेत. घोटे धरा आणि ओढा.