वर्गात दात काढायचे नाहीत

मी एक जुना जबडा आहे. मित्रांनो, घाबरू नका. ते काम माझ्याकडे आहे.

कारखान्यात मला बत्तीस प्लास्टिकचे दात आणि गुलाबी हिरड्या मिळाल्या. पुढे चेहराही देतील म्हणून मी वाट पाहिली. दिला नाही. डॉक्टरताई मला शाळाशाळांतून फिरवू लागल्या. झाडूएवढ्या ब्रशाने माझे दात घासून दाखवत. सुरुवातीला मुले टाळ्या वाजवायची. पुढे माझी एक दाढ हरवली. ती कुणी शोधलीही नाही. मग बिजागरीचा स्क्रू ढिला झाला. तेव्हापासून भीती वाटली की माझे दात वाजतात. भीती रोजच वाटते.

परवा एका वर्गात गालफुगी समोर आली. हे नाव वर्गानेच ठेवलेले. तिचा डावा गाल लिंबाएवढा सुजला होता. आईबाप इमारतींच्या कामावर. इमारत संपली की बिऱ्हाड पुढे. ही इमारत संपली होती.

आई डोक्यावरच्या हेल्मेटसकट दारात उभी होती. "ताई, उद्या सकाळी टेम्पो येणार. काय ते आजच बघा."

"आजच बघायला हवं. आत पू झालाय. पसरला तर जिवावर बेतेल," डॉक्टरताई हळू आवाजात म्हणाल्या.

माझे दात वाजले.

पण गालफुगी तोंडच उघडेना.

"बाळा, दात काढू या ना?"

तिने ओठ आणखी घट्ट मिटले. आपली भाषा ती याच वर्गात, तीन महिन्यांत शिकली होती. बाईंकडे बघत ती ओठांच्या फटीतून पुटपुटली, "वर्गात दात काढायचे नाहीत. बाई बाहेर उभं करतात."

बाई लालेलाल झाल्या. रोज हेच तर ओरडत होत्या! "अगं, काढ गं बाई. आज सगळेच काढा."

वर्ग फिदीफिदी हसला. त्या गलक्याने घाबरून माझा स्क्रूच निसटला आणि खालचा जबडा धाडकन टेबलावर पडला. गालफुगी खो खो हसली. डॉक्टरताईंनी तेवढ्यात आरसा आत घातलाच.

सुई टोचली, दुधाची दाढ निघाली, पू वाहून गेला. कापसाचा बोळा चावत तिने वाटीतल्या दाढेकडे पाहिले.

"म्हणजे हे होय दात काढणं?"

आणि मग ती घाबरली. पण आता उशीर झाला होता.

तिच्या दुसऱ्या दाढेलाही काळा ठिपका आहे. डॉक्टरताईंनी तसे चिठ्ठीवर लिहिले. चिठ्ठी फ्रॉकच्या खिशात आहे, आणि फ्रॉक कधीतरी धुतला जाईल. माझे दात अजून वाजताहेत.

मित्रांनो, तुमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एखादी नवी मुलगी आली आणि तोंड मिटून बसली, तर तिला नावे ठेवू नका. आधी तिला दात काढायला लावा. मग हळूच आत बघा आणि बाईंना सांगा.

उजवीकडे. खालची दाढ.